पहिल्या पानावरची नवरी

माझी उंची पाच फूट दोन इंच आहे, हे भुजंगराव तलाठ्यांनी भर क्लासात जाहीर केलं, तेव्हा मी फळ्यावर फोल्डर म्हणजे काय ते समजावून सांगत होते.

भुजंगराव हे माझ्या क्लासातले सगळ्यांत सज्जन विद्यार्थी. सरकारी माणसांना कॉम्प्युटरची परीक्षा सक्तीची झाल्यापासून अंबड चौफुलीजवळच्या आमच्या क्लासात पन्नाशीतली बरीच मंडळी येत. भुजंगराव माउस दोन्ही हातांनी धरत आणि स्क्रीनला 'अहो' म्हणत. त्या दिवशी ते पुतण्यासाठी स्थळ शोधायला इंटरनेटवर शिरले आणि शोधता शोधता मास्तरणीपर्यंत येऊन पोचले. मोठ्या अदबीनं त्यांनी विचारलं, "मॅडम, ह्या तुम्हीच ना? उंची पाच-दोन?"

स्क्रीनवर मीच होते. मावसबहिणीच्या लग्नातला फोटो होता. शेजारच्या मावशीला कापून टाकलं होतं, पण तिचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिला होता. खाली माझं नाव, जन्मवेळ, शिक्षण, मामाचं गाव, वर्ण निमगोरा, मोबाइल नंबर, आणि शेवटी 'स्वभाव: शांत'. त्या शेवटच्या शब्दाला अख्खा क्लास हसला. मी ताडताड गेले आणि भुजंगरावांचा मॉनिटर बंद केला. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईनं असं करू नये, कारण मॉनिटर बंद केल्यानं वेबसाइट बंद होत नाही.

हे दोन हजार सहा सालचं. आमच्या समाजाचं वधू-वर मंडळ जालन्यात जुनं आहे. दरवर्षी मेळावा भरतो, सतरंज्या पडतात, मुलं-मुली माइकवर येऊन नाव-गाव सांगतात आणि माहितीची पुस्तिका छापून वाटली जाते. मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब आणि सचिव माझे वडील रामकिसन. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णांचं मोंढ्यात बी-बियाणांचं दुकान आहे, आणि दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते लग्नं जमवतात.

त्या वर्षी काकासाहेबांना कुणीतरी सांगितलं की पुण्याच्या मंडळांच्या वेबसाइटी निघाल्यात. जालन्यानं मागं का राहायचं? काम संपतला मिळालं. संपत पत्रिका छापायचा, निवडणुकीत पत्रकं छापायचा आणि फावल्या वेळात कॉम्प्युटर शिकला होता. घरात कॉम्प्युटर शिकवणारी मुलगी असताना काम संपतला कसं गेलं? तर जिचं लग्न जमवायचंय तिनंच लग्नाची वेबसाइट करणं बरं दिसत नाही, असं मंडळात एकमतानं ठरलं होतं. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

संध्याकाळी क्लास रिकामा झाल्यावर मी ती वेबसाइट नीट पाहिली. संपतनं ती पत्रिकेसारखीच केली होती, म्हणजे जिथं जागा दिसली तिथं काहीतरी भरलं होतं. लाल भडक पानावर पिवळी अक्षरं उघडझाप करत होती. मंडळाचं नाव उजवीकडून डावीकडं धावत होतं आणि ते वाचेपर्यंत संपून जायचं. पान उघडलं की सनई आपली आपण सुरू व्हायची, कुठल्याशा सिनेमातली उचललेली, आणि ती थांबवायची सोय नव्हती. विशिष्ट फॉन्ट आपल्या कॉम्प्युटरवर नसला तर मराठीच्या जागी नुसता अक्षरांचा चिवडा दिसायचा. आमच्या क्लासात तो फॉन्ट होता, हे माझं दुर्दैव. खाली आतापर्यंत किती लोकांनी पाहिलं त्याचा आकडा होता. वेबसाइट महिन्याभराची आणि आकडा पन्नास हजारांच्या वर. पुढं संपतला विचारलं तर तो म्हणाला, सुरुवातच पन्नास हजार एकपासून केली, शून्यानं सुरुवात अशुभ दिसते, आहेराच्या पाकिटात वर एक रुपया लागतो तसंच हे. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी अजिबात नव्हती.

आणि पहिल्या पानावर अर्धं पान व्यापून एक नवरी होती. नाकात नथ, कपाळाला मुंडावळ्या, डोळे खाली. फार गोड मुलगी. ती कोण, काही लिहिलेलं नव्हतं. मला वाटलं असेल कुणी मॉडेल.

मला त्या नवरीशी काही देणंघेणं नव्हतं. मला माझा फोटो आणि नंबर तिथून काढायचा होता. गेले काही दिवस माझ्या मोबाइलवर नको ते फोन येत होते. उज्जैनहून एकानं हिंदीत विचारलं की हे स्थळ अजून शिल्लक आहे का. एकानं माझा पगार विचारला आणि मग विम्याची पॉलिसी घ्या म्हणून मागं लागला. आणि एक जण रोज फोन करून काही बोलायचा नाही, नुसता हसायचा. त्या हसण्याची मला भीती वाटत होती. नंबर त्याला कुठून मिळाला याचा विचार करून माझा सगळ्या ओळखीच्यांवर संशय घेऊन झाला होता.

घरी गेले तेव्हा अण्णा जेवायला बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं की फोटो खराब आलाय का.

"अण्णा, टाकायच्या आधी मला विचारलं का तुम्ही?"

"तुला काय विचारायचं त्यात?" ते म्हणाले. "पुस्तिकेत छापतो तव्हा विचारतो का?"

हे त्यांनी दटावून म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण त्यांना खरोखरच कळत नव्हतं. आमच्या टेंभुर्णीच्या शेतात काय पेरायचं हे जमिनीला विचारत नाहीत, तसं त्यांनी मलाही विचारलं नव्हतं, आणि त्यात काही चुकलं असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मला रडू आलं. रडू आलं की मला राग येतो, आणि राग आला की मी फार बोलते. मी म्हटलं, पुस्तिका घरी नेणारा माणूस तुम्हाला माहीत असतो. तो कुठल्या गावचा, कुणाचा कोण, सगळं ठाऊक असतं. त्यानं आगाऊपणा केला तर त्याच्या मामाला जाऊन सांगता येतं. इंटरनेटवरच्या माणसाचा मामा कुठं शोधायचा?

अण्णा घास हातात धरून थांबले. मामाचा मुद्दा त्यांना थोडा पटल्यासारखा वाटला. पण मग म्हणाले, जास्त लोकांनी पाहिलं तर जास्त स्थळं येतील, यात वाईट काय? आईनं मधे पडून निदान नंबर तरी काढा म्हणून सुचवलं. अण्णा म्हणाले, सचिवानं आपल्याच पोरीचं काढलं तर लोक म्हणतील यात नक्की काहीतरी खोट आहे.

दुसऱ्या दिवशी मी काकासाहेबांकडं गेले. काकासाहेब प्रेमळ माणूस. जालन्यातली निम्मी लग्नं त्यांनी जमवलेली आणि उरलेल्या निम्म्यांत ते जेवलेले. त्यांनी मला चहा पाजला आणि तो पन्नास हजारांचा आकडा अभिमानानं दाखवला. मी म्हटलं, माझं काढा, आणि बाकीच्या मुलींनाही एकदा विचारा. ते मनापासून हसले. "अगं बाई, पोरींनाच विचारत बसलं तर मंग मंडळ कशाला पायजे?" मी चहा अर्धा ठेवून उठले. हा माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, असं जिना उतरताना वाटलं.

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक होती. ती अण्णांच्या दुकानामागं गोदामात भरते, खताच्या पोत्यांवर बसून. मी लेखी अर्ज घेऊन गेले. कागदावर लिहिलं की मंडळाला दखल घ्यावी लागते, असं मला वाटत होतं. माझा विषय येण्याआधीच दारात एक जीप थांबली.

जीपमधून साहेबराव उतरले. आष्टीचे मोठे शेतकरी, काकासाहेबांच्या ओळखीतले. त्यांच्या मागून एक मुलगी उतरली, अंगावर साधी साडी, डोक्यावर पदर. मी तिला पाहिलं आणि माझा अर्ज हातातच राहिला. पहिल्या पानावरची नवरी ती हीच.

साहेबरावांनी खिशातून रंगीत छापलेलं पान काढून पोत्यावर पसरलं. आवाज चढवला नाही. त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या परतूरच्या एका पाव्हण्यानं ही वेबसाइट पाहिली. वधू-वर मंडळाच्या पानावर साहेबरावांची सून! पाव्हणा आष्टीला आला, दोन वेळा चहा प्याला आणि आडून आडून विचारत राहिला की सूनबाई सध्या इथंच असतात का. दोन दिवसांनी सुनेचा मामा जाफराबादहून दोन शहाणी माणसं घेऊन आला, नवरा-बायकोत समेट घडवून आणायला. भांडण झालंच नव्हतं, त्यामुळं समेट कशावर करायचा हे कुणालाच कळेना. मुलगा बिचारा बायकोला विचारायला लागला, माझं काही चुकलं का. आणि आता गावात उघडच बोलत होते की सोडचिठ्ठी झाली आणि पोरीला पुन्हा उजवायला काढलंय.

सगळे संपतकडं बघायला लागले. संपतनं कबूल केलं की तो फोटो एका फोटो स्टुडिओच्या काचेत लावलेला होता, स्टुडिओवाला मित्र होता, त्यानं सहज दिला. नवरी छान दिसत होती, म्हणून टाकली. काकासाहेबांकडं पहिल्या पानावरच्या मुलीसाठी बरेच फोन आले होते आणि त्या सगळ्यांना ते सांगत होते की ती मुलगी द्यायची नाही.

काकासाहेब घसा साफ करून म्हणाले, "साहेबराव, ती आमच्याकडं नुसती नमुना म्हणून होती."

तेव्हा ती सून पहिल्यांदा बोलली. "नमुना म्हणून टाकायचं तरी मला विचारायचं की, काका. फोटो चांगलाय. विचारलं असतं तर हौसेनं दिला बी असता. पण कोणी विचारलंच न्हाई."

 अण्णांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मग पोत्याच्या शिवणीचा दोरा ओढत बसले.

साहेबरावांनी पुढं सांगितलं की परतूरच्या वकिलानं तीन नोटिसा तयार करून ठेवल्यात: स्टुडिओला एक, संपतला एक आणि मंडळाला एक. माणसाचा फोटो त्याला न विचारता असा लावता येत नाही, आणि त्यावरून बदनामी झाली तर ते आणखीच महागात पडतं. नोटिसा जीपमध्ये होत्या. वेबसाइट आत्ताच्या आत्ता बंद झाली तर त्या जीपमध्येच राहतील, असंही ते म्हणाले.

आत्ताच्या आत्ता म्हटलं तरी लोडशेडिंग चालू होतं आणि संध्याकाळपर्यंत लाइट येणार नव्हती. अख्ख्या मोंढ्यात एकही कॉम्प्युटर चालू नव्हता. इन्व्हर्टर होता तो फक्त आमच्या क्लासात. तेव्हा मंडळाचे सगळे सभासद, साहेबराव, त्यांची सून, संपत आणि मी, अशी वरात अंबड चौफुलीपर्यंत गेली आणि मेडिकलच्या शेजारचा अरुंद जिना चढली. वर भुजंगराव परीक्षेचा सराव करत होते. एवढी माणसं बघून त्यांना वाटलं परीक्षा आजच आहे.

पान उघडलं तशी सनई सुरू झाली. संपतनं बसून पासवर्ड टाकायचा, तर तो टाकेना. सगळ्यांसमोर टाकायला लाजत होता. शेवटी त्यानं माझ्या कानात सांगितलं की बायकोचं नाव आहे. मी ते टाकलं आणि सगळी पानं काढून टाकली. सनई मधेच तुटली. भुजंगराव म्हणाले, बरं झालं, आणि पुन्हा सरावाला लागले. साहेबरावांनी स्वतः खात्री करून घेतली आणि मग म्हणाले, आता चहा घेतो. जाताना त्यांची सून माझ्याजवळ थांबली. माझ्या हातातला अर्ज तिनं पाहिला होता. वाचला नव्हता, पण तिला कळलं असावं. म्हणाली, "तुमचाबी होता का त्याच्यात?" मी हो म्हटलं. तिनं माझा हात दाबला आणि जिना उतरून गेली.

मला वाटलं सुटले. पण महिनाभरात काकासाहेब क्लासात आले आणि म्हणाले, आता तूच कर. वेबसाइट तर पाहिजेच, आजूबाजूच्या जिल्ह्यांच्या निघाल्या. लग्नाच्या मुलीनं करणं दिसायला बरं दिसत नाही, पण नोटीस येणं त्याहून वाईट दिसतं. मी माझ्या अटी सांगितल्या. पांढरं पान, काळी अक्षरं. कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल असं मराठी. काही धावणार नाही, काही लुकलुकणार नाही. गाव आणि शिक्षण टाकलं की स्थळं दिसतील, पण फोटो आणि नंबर दिसणार नाहीत. ते दोन्हीकडून होकार आल्यावर मंडळ देईल. दुसऱ्याचं गाणं नाही, दुसऱ्याचा फोटो नाही, आकडा असलाच तर शून्यापासून. आणि ज्याचं नाव, त्याची परवानगी.

काकासाहेबांनी सगळं मान्य केलं, फक्त सनईपाशी अडले. "लग्नाची साइट अन् सनई न्हाई? दहाव्याची पत्रिका वाटंल." शेवटी पिंपळगाव रेणुकाईच्या कारभारी सनईवाल्याला बोलावून आमच्याच क्लासात सनई वाजवून घेतली. त्याला विचारून, त्याचं नाव खाली लिहून. आणि ती ऐकायची असेल त्यानंच बटण दाबायचं, असं केलं. कारभारीला ही पद्धत इतकी आवडली की बटण दाबून दाबून त्यानं स्वतःलाच दहादा ऐकलं.

परवानगीसाठी मी एक चौकोन ठेवला होता. 'मुलाला / मुलीला विचारलं आहे' असं लिहिलेलं, त्यावर खूण केल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. चाचणीला मंडळातली चार माणसं बसवली, तर चौघांनी वाचायच्या आधी खूण करून टाकली. बँकेत सांगतील तिथं सही करायची सवय, ती इथंही कामाला आली. अण्णाही त्या चौघांत होते. मला इतका संताप आला की मी त्या रात्री जेवले नाही, आणि वेबसाइटच सोडून द्यावी असं दोनदा मनात आलं. मग सुचलं की दोष चौकोनातच आहे. न विचारताही जे करता येतं ते लोक न विचारताच करणार. मी चौकोन काढला आणि त्या जागी एक मोकळी ओळ ठेवली, ती भरल्याशिवाय पुढचं पान उघडणार नाही अशी: 'मुला/मुलीचं स्वतःचं म्हणणं'. वय, शिक्षण, शेती सगळं बापाला पाठ असतं. ही एक ओळ त्याला पाठ असणं शक्य नव्हतं.

उद्‌घाटन मंडळाच्या मेळाव्यात झालं. मोठा पडदा, प्रोजेक्टर, समोर सतरंज्यांवर सगळा समाज. टाइप करायला संपत बसला. तो आता माझ्याकडून शिकत होता आणि दर थोड्या वेळानं 'एक तरी फूल ठेवू ना कोपऱ्यात' म्हणत होता. सभासदांनी एकेक करून आपल्या मुलाची किंवा मुलीची माहिती भरायची, म्हणजे लोकांना कळेल कसं करायचं. शेवटच्या ओळीपर्यंत गाडी झोकात जायची आणि तिथं थांबायची. संपत मान वर करून विचारायचा, इथं काय लिहू? आणि मग तो बाप खिशातून मोबाइल काढून घरी फोन लावायचा, भर मेळाव्यात, मोठ्या आवाजात.

असली मजा मी पुन्हा पाहिली नाही. एकाची मुलगी म्हणाली, म्हशी असलेलं घर नको, शेण काढून दमले. ते जसंच्या तसं पडद्यावर उमटलं आणि बायकांच्या बाजूनं टाळ्या पडल्या. एकाच्या मुलानं सांगितलं, नोकरी लागू द्या आधी. बाप म्हणाला, असं कसं लिहिता येईल. संपत म्हणाला, मंग पुढचं पान उघडत न्हाई. काकासाहेबांनी पुण्यातल्या मुलाला फोन लावला आणि त्याचं म्हणणं विचारलं. पलीकडून काहीतरी बराच वेळ चाललं. काकासाहेब 'बरं', 'कोण म्हणलास?' असं करत हळूहळू मांडवाबाहेर गेले, ते कार्यक्रम संपेपर्यंत आत आले नाहीत.

मग अण्णांची पाळी आली.

अण्णा भराभर सांगत गेले आणि संपत टाइप करत गेला. शिवकन्या रामकिसन. शिक्षण. उंची पाच-दोन. मामाचं गाव टेंभुर्णीजवळ. मी पडद्याशेजारी उभी होते आणि माझं सगळं माझ्या उंचीहून मोठ्या अक्षरांत उमटत होतं. सतरंजीवर पुढंच बसलेली आई पदराशी चाळा करत होती. शेवटची ओळ आली. अण्णा सवयीनं म्हणाले, लिही, स्वभाव शांत. संपतनं ते लिहिलंसुद्धा.

 खरं सांगते, त्या वेळी मला ती वेबसाइट, ती ओळ, सगळं फुकट गेलं असं वाटलं. पुढचं पान उघडलं असतं आणि सगळा समाज टाळ्या वाजवून मोकळा झाला असता.

अण्णांनी पडद्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग म्हणाले, "थांब संपत. पुस ते."

संपतनं पुसलं. अण्णा माझ्याकडं वळले. माइक त्यांच्या हातातच होता, त्याचं भान त्यांना नव्हतं, त्यामुळं ते सगळ्या मांडवानं ऐकलं.

"शिवकन्ये, तुला टाकायचंय का ह्याच्यात?"

सव्वीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. शाळा कुठली, साडी कुठली, क्लास काढायचा की नाही, सगळं घरात ठरायचं, आणि ते बहुतेक वेळा चांगलंच ठरायचं. या प्रश्नावर फेकायला मी कितीतरी तिखट उत्तरं तयार ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना. राग कुठंतरी निघून गेला होता आणि मला फक्त खूप बरं वाटत होतं.

"आत्ता न्हाई, अण्णा," मी म्हटलं. "टाकायचं झालं की मी सांगीन."

मांडवात कुजबुज झाली. अण्णांनी मान हलवली, संपतच्या हातातला माउस घेतला आणि बराच वेळ पडद्यावर बाण फिरवत राहिले. तेव्हा कुठं मला कळलं की 'रद्द करा'चं बटण मी फार बारीक केलं होतं. ते अशा वयाच्या माणसाला लागेल, असं माझ्या मनातच आलं नव्हतं. मी बोटानं दाखवलं. अण्णांनी दाबलं. पडद्यावर मीच लिहिलेला प्रश्न उमटला: 'तुम्हाला नक्की रद्द करायचंय का?'

अण्णांनी तो एकेक शब्द करत मोठ्यानं वाचला. मग मांडवाकडं तोंड करून माइकवर म्हणाले, "नक्की. पोरगी न्हाई म्हणली."